शेवटचा फलंदाज

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाराष्ट्र संघाचा सामना बघायला मी शेजारच्या दत्तूकाकांबरोबर गेलो होतो. चौथा, म्हणजे शेवटचा दिवस संपत आला होता. तीन षटकं उरली होती आणि आमचे आठ गडी बाद झाले होते. जिंकायची आशा नव्हतीच. सामना अनिर्णित राहिला तरी पुष्कळ होतं. काका मैदानाकडे पाठ करून बसले होते आणि प्रत्येक चेंडूनंतर मला विचारत होते, "आहे ना अजून?"

तरुणपणी काका या संघाकडून एकच सामना खेळले. शेवटचे फलंदाज तेच होते, आणि सामना वाचवायला दोनच चेंडू उरले असताना त्यांचा त्रिफळा उडाला. परतीच्या बसमध्ये त्यांच्याशी कुणी एका शब्दानं बोललं नाही. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

संघाचा इतिहास म्हटलं की आपल्याला शतकं आणि करंडक आठवतात. पण एखाद्या चेंडूपाशी जन्मभर अडकून पडलेली माणसंही त्यातलीच.

तेवढ्यात नववा गडी गेला. अकरावा खेळाडू हेल्मेटचा पट्टा पुन्हा पुन्हा चाचपत आत निघाला. काका एकदम वळले आणि माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं.

शेवटचा चेंडू पॅडवर आदळला. सगळे क्षेत्ररक्षक ओरडले. पंच क्षणभर थांबले, मग त्यांनी मान हलवली. नाबाद!

काकांनी माझं मनगट सोडलं.

"सुटला रे पोरगा," ते म्हणाले. "आता झोप लागेल त्याला."