सोजरबाईंच्या फोनचा दिवा

“ताई, बटन चालू दावतंय, पर दिवा काय लागंना,” सलीमभाई फोनवर म्हणाले. मी बीडहून पाटोद्याला निघाले.

सलीमभाईंचं पाटोद्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. कंपनीने अपडेट देणं बंद केलेल्या जुन्या फोनमध्ये ते लिनक्स टाकून देतात. ही सिस्टीम फुकट, आणि तिचा कोड कुणीही वाचून बदलू शकतो. फक्त सेटिंग बदलायला कमांड टाइप कराव्या लागायच्या. त्या कमांडच्या जागी मी मराठी बटणांचं एक टूल लिहिलं होतं. ते रोज वापरणारं पहिलं माणूस म्हणजे सोजरबाई.

सोजरबाई शेळ्या राखतात. त्यांना कमी ऐकू येतं. फोन कानाला लावल्यावर समोरचा मोठ्याने बोलला तर ऐकू येतं, पण रानात रिंग वाजलेली कळत नाही. म्हणून मी एक बटण केलं होतं: ‘कॉल आला की दिवा लावा’. फोन दोरीने गळ्यात, आणि कॉल आला की कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकणार.

मी पोचले तेव्हा सोजरबाई दुकानातच बसल्या होत्या. “लेक माजलगावला हाय, दिवस भरल्यात तिचे,” त्या म्हणाल्या. “काल जावयानं चारदा फोन केला, मला कळलंच न्हाई. आज उजेड पडंल का, माय?”

“पडेल,” मी म्हणाले. मला खात्री नव्हती.

लॅपटॉप जोडला. टूलमध्ये बटण हिरवं. कॉल केला. अंधार.

“फोन बंद पडला होता का मधे?”

“परवा चार्जिंग संपली हुती,” सलीमभाई म्हणाले.

लॉग उघडला. फोन स्वतः काय काय करतो ते त्यात लिहून ठेवतो. तिथे कारण सापडलं. फोन सुरू होताना दिवा लावणारा प्रोग्राम आधी उठत होता, आणि फ्लॅश त्याच्यानंतर तयार होत होता. फ्लॅश न मिळाल्याने प्रोग्राम गुपचूप मरत होता. माझं टूल मात्र स्वतःच्या फाईलमध्ये लिहिलेलं ‘चालू’ वाचून हिरवं बटण दाखवत होतं. फोनला ते काही विचारतच नव्हतं.

चूक माझी होती, तरी मला एवढा आनंद झाला की समोरचा चहा तसाच राहिला. प्रोग्रामला फ्लॅशची वाट बघायला लावली. बटणाला दर वेळी फोनलाच विचारायला लावलं. फोन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला.

“लावा कॉल, सलीमभाई.”

सोजरबाईंच्या गळ्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि हसत सुटल्या. “आन्खी एकदा लाव की,” त्या सलीमभाईंना म्हणाल्या. त्यांनी पाच वेळा लावला.

दोनच दिवसांनी जावयाचा कॉल आला. सोजरबाईंनी शेळ्या जावेकडे सोपवल्या आणि दुपारची एसटी धरली. त्या पोचल्यावर तासाभराने नात झाली.

त्याच आठवड्यात मी टूलमधलं एकेक बटण तपासलं. आणखी तीन बटणं खोटं बोलत होती. एकाचीही तक्रार आली नव्हती, कारण बटण हिरवं दिसलं की लोक स्वतःचंच काहीतरी चुकलं असं समजतात.