कुलसुमचे बर्फातले जोडे

उस्मान रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. गेली अठरा वर्षं तो जबल शम्सवर, ओमानच्या सगळ्यात उंच डोंगरावर, पर्यटकांच्या एका कॅम्पात स्वयंपाक करत होता. आखातात राहून थंडीने कुडकुडणारा कोकणी माणूस म्हटला, की गावात कुणाचा विश्वास बसत नसे. त्याची बायको कुलसुम तर तोंडावर म्हणायची, "थापा मारू नका. वाळवंटात कसला बर्फ?"

मग एका जानेवारीत त्याने तिला महिन्याच्या व्हिसावर बोलावून घेतलं. तिथे बर्फ काही दरवर्षी पडत नाही, पण हा गडी शब्द देऊन मोकळा. आल्या आल्या तिने विचारलं, "खाडीच्या चिखलासारखा पाय रुततो का हो त्यात?" खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढताना ती एकदा कमरेपर्यंत रुतली होती, ती धास्ती जन्माची. उस्मानने एका गोऱ्या पाहुण्याच्या फोनवर बर्फात चालायचे रुंद, जाळीदार जोडे पाहिले होते. त्याने खजुराच्या झावळ्यांचे दांडे वाकवले, मासेमारीच्या जाळ्याच्या गाठी मारत दोरी विणली आणि दोघांसाठी दोन जोड केले. कॅम्पाचा मालक जाफर हसून बेजार झाला. "उस्मान, इधर बर्फ चार उंगली गिरता है!"

त्या महिन्यात तेवढाही पडला नाही. मुदत वाढवून घेता आली असती, पण उस्मान म्हणाला, "पुढच्या थंडीत ये, इन्शाल्ला." जोडे खोलीच्या भिंतीला टांगून ती गावी परतली आणि ईदच्या आधी हृदय बंद पडून वारली. त्यांच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. उस्मान विमानतळावर पोचेपर्यंत तिकडे दफन उरकलं होतं. आपण मातीलाही पोचलो नाही, हे त्याला आतून कुरतडत राहिलं.

आणि पुढच्याच जानेवारीत मेला बर्फ पडला. मोजून चार बोटं! उस्मान दोन्ही जोड घेऊन शिखराच्या वाटेला लागला. त्याचे जोडे दगडांवर नुसतेच खटखटू लागले, तसे त्याने ते सोडून ठेवले. कुलसुमचे मात्र हातात धरले आणि आपल्या पावलांशेजारी वाकून एकेक दाबत गेला. बोटं बधिर झाली, कंबर धरली, डोळ्यांतलं पाणी थांबेना, तरी वळणापर्यंत तो थांबला नाही. मग मागे उमटलेल्या ठशांचा फोटो काढून त्याने लेकीला पाठवला.

अंबरीनचा लगेच फोन आला. "अब्बा, तुमच्या बाजूला कोण चाललंय?"

"तुझी अम्मी," उस्मान म्हणाला. "बघ, कुठे रुतली नाही."