मामाजींचा बंद कान

आमच्या फुलचूरच्या मामाजींना कशाची लाज वाटेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. धानाच्या बांधीतला चिखल अंगावर तसाच ठेवून हा माणूस गोंदियाच्या भर बाजारातून छाती काढून चाले. भजनात स्वतः बेसूर गाई आणि वर पेटीवाल्यालाच दटावी. पण एका पावसाळ्यात ते बोडीच्या तळ्यात बुडी मारून वर आले, तेव्हा त्यांचा उजवा कान बंद झाला, आणि त्या कानाची त्यांना अशी लाज वाटू लागली, जणू कुणाची गाय चोरून गोठ्यात बांधली आहे. डावा कान लहानपणीच फुटून बहिरा झालेला. त्यांच्या बहिऱ्या वडिलांना अख्खं गाव तोंडावर ‘बहिरोबा’ म्हणे, ते त्यांनी पाहिलेलं.

मी तेव्हा गोंदियाला बिडी कारखान्यात कारकून होतो आणि राहायला त्यांच्याकडे. कानाची बातमी मला त्यांच्या उपचारांवरून कळली. कोमट तेल झालं, लसणाची पाकळी झाली, मामींची केसांतली पिनसुद्धा झाली. मी कानाशी ओरडून म्हणे, “मामाजी, डॉक्टरला दाखवा ना.”

“कायले? पाणी गेलं आहे, आपोआप निघंल.”

धान कापून घरात आलं तरी पाणी निघालं नाही. कान ठणकू लागला, उशीवर पिवळे डाग पडू लागले. मामी अभ्रा गुपचूप धूत. मामाजींनी मात्र एक युक्ती काढली होती. बोलणाऱ्याचा चेहरा पाहायचा. तो उतरलेला दिसला तर “अरेरे, देवाची मर्जी”; हसरा दिसला तर “वा वा, लय मस्त झालं!” त्यावर त्यांनी एक अख्खा हंगाम काढला. एकदा पाटलाची गाय कुठल्या वाटेने गेली असं विचारणाऱ्या गुराख्याला त्यांनी “सुखी राहा” असा आशीर्वाद दिला, तोही पाया पडून गेला.

मग त्यांच्या मुलीच्या सोयरिकीसाठी सालेकशाकडचे पाहुणे आले. मुलाचे वडील फार हळू बोलणारे, आणि दुःखाचं बोलतानाही ओठांवर हसू ठेवायची त्यांना सवय. चहा घेता घेता ते म्हणाले, “पोराची माय असती तं आज लय खुश झाली असती. मागच्या पावसाळ्यात गेली बिचारी.”

मामाजींनी त्यांच्या मांडीवर थाप मारली. “वा वा, लय मस्त झालं!”

पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि ते उठले. मामाजी हसतच होते. मग आतल्या दारातून त्यांची मुलगीच बाहेर आली आणि रडत ओरडली, “बाबाले आयकू येत नाही जी! पावसाळ्यापासून आयकू येत नाही!” एवढं मात्र त्यांना ऐकू गेलं. त्यांची मान जी खाली गेली, ती पाहुणे फाटकाबाहेर पडले तरी वर आली नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते स्वतःच मला म्हणाले, “चाल, डाक्टरकडे.” डॉक्टरांनी कानातून मळाची गोळी काढली आणि तिच्यामागून सडलेली लसणाची पाकळी. मामाजी भिंतीकडे पाहत राहिले. डॉक्टर चिडून म्हणाले, “दोन-चार दिवसांत कान मोकळा झाला नाही, तेव्हाच यायचं होतं. आणि दुखून पू यायला लागला, मग तर त्याच दिवशी! पडद्याला भोक पडलं आहे. आता पहिल्यासारखं ऐकू यायचं नाही.”

औषधाने ठणका थांबला, थोडंफार ऐकू येऊ लागलं, तसे ते मला घेऊन सालेकशाला गेले. पाहुण्यांनी बसा म्हटलं, पण मामाजी उभेच. “त्या दिवशी मी आयकलो नाही जी,” ते म्हणाले. “लाजेपायी सांगतलो नाही. तुमच्या घरवालीचं मले पुन्हा सांगा. जरा जोरात सांगा.”

पाहुणे स्वतःच्या लग्नापासून सांगू लागले. आमची परतीची गाडी निघून गेली.

सोयरीक जमली. मामाजींचा कान पुढे मंदच होत गेला, आणि ओरडून बोलायचा कंटाळा येऊन गावचे लोक हळूहळू येईनासे झाले. व्याही मात्र येत. जन्मात कधी आवाज न चढवलेला तो माणूस आमच्या ओसरीवर बसून इतक्या मोठ्याने बोले, की त्याच्या गेलेल्या बायकोच्या गोष्टी रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू येत. मामाजी हाताचा द्रोण कानाशी धरून पुढे वाकत आणि म्हणत, “हं, मंग?”