जावेची मांडी

माझी धाकटी जाऊ जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. घाबरलेली कुत्री-मांजरं तिच्या हातात गेली की गप्प होतात, म्हणून सगळी गल्ली तिचं कौतुक करते. करू दे! पण आमचा बोका शेठ, ज्याला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं, तोही तिथे तिच्याच मांडीवर शांत होतो. सरळ सांगते, मी जळते तिच्यावर.

करते काय एवढं? टोपलीवर कापड टाकायचं, कुत्र्यांपासून लांब ठेवायची, हळू बोलायचं. त्यात काय मोठे दिवे लावले?

यंदा शेठ फार पाणी प्यायला लागला, वाळला. डॉक्टर म्हणाले, "रक्त तपासायलाच हवं. पण हृदय कमजोर आहे, भूल देता येणार नाही. शांत बसला तरच जमेल."

मी ठरवलं, या वेळी मीच धरणार. जावेपुढे शोभा नको म्हणून टोपली घासली, त्याची चादर धुऊन इस्त्री केली, स्वतः अत्तर लावून निघाले.

टेबलावर ठेवताच शेठने माझं मनगट ओरबाडलं आणि तोंड उघडून धापा टाकायला लागला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

"ताई, चादर धुतलीत?" जावेने विचारलं.

"मग काय घाणेरडी आणू?" मी फाडकन म्हणाले.

तिने कपाटातून एक गाठोडं काढलं, मांडीवर पसरलं आणि शेठला घेऊन जमिनीवर बसली. त्याने त्यात नाक खुपसलं. हळूहळू धाप थांबली. डॉक्टरांनी रक्त घेतलं. माझ्या जिवात जीव आला, पण अंगाचा तिळपापडही झाला. पुन्हा हीच!

मग गाठोडं नीट पाहिलं. कोपरावर फाटलेला माझा स्वेटर! तो घरातून हरवला म्हणून मी नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं.

"चोरटे! हा माझा आहे!"

"म्हणून तर आणला. त्याला तुमचा वास लागतो, ताई. माझी मांडी नुसती पाटासारखी. आज तुम्हाला अत्तरात तो ओळखणार कसा?"

"मग मागायचा होतास!"

"धुऊन, इस्त्री करून दिला असतात."

अगदी खरं होतं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तो मळका स्वेटर अंगात चढवला आणि म्हटलं, "दे इकडे माझ्या शेठला."