छापेत केरूचं नाव

जाखडीच्या नाचात केरू बरोबर मधे बसतो, मांडीवर ढोलकी घेऊन. भोवती पोरं गोल फिरत नाचतात आणि शेजारी आत्माराम शाहीर गातो. शब्द आत्मारामाचे, चाल केरूची, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. पण शेवटच्या कडव्यात नाव गुंफतात, ज्याला छाप म्हणतात, ते फक्त कवीचं. चालवाल्याला कोण विचारतो? केरू कधी बोलला नाही. आतल्या आत कुढायचा, आणि तो राग बिचाऱ्या ढोलकीवर निघायचा.

यंदा मांडवीच्या एका स्टुडिओवाल्याने त्यांचं गणपतीचं गाणं यूट्यूबवर टाकायचं ठरवलं. गाणं ज्याच्या नावावर, मिळकतही त्याचीच. "ह्या वेळी गप ऱ्हाऊ नका," बायको, काशी, म्हणाली. केरू तावातावाने निघाला आणि आत्मारामाच्या पडवीत जाऊन गुमान चहा पीत बसला.

शेवटी आत्मारामानेच तोंड उघडलं. "केरू, स्टुडिओवाल्याला सांगितलाय, नावा दोघांची, पैसे निम्मे निम्मे. पण छापेत तुजा नाव बसत नाय. चाल वायंच वाढव."

ज्याच्याशी केरू एवढी वर्षं मनातल्या मनात भांडला, त्याने न मागता अर्धा वाटा पुढे केला होता. देवमाणूस आहे हा, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. डोळे पुसून त्याने ढोलकी ओढली आणि स्वतःच्याच नावाला जागा करायला बसला.

ओळ लांबवायची, तर धृपदाच्या शेवटचा सुरांचा चढ कडव्यातही घ्यावा लागणार. तो चढ म्हणजे गाण्याचा जीव, टाळ्या तिथेच पडतात. केरूने तो गुणगुणून पाहिला आणि त्याचा हात थांबला. चढ काशीचा होता. अंगण सारवताना ती गुणगुणायची, त्याने तो बिनदिक्कत उचलला होता. तिला विचारलं नव्हतं, नंतर सांगितलंही नव्हतं.

"काय झाला?" आत्मारामाने विचारलं.

"चाल आमची दोघांची हाय. काशीचा पण नाव घाल. माज्या निम्म्यातला निम्मा तिचा."

आत्माराम हसला. "मग अजून वाढव."

घरी येऊन केरूने काशीला तो चढ गाऊन दाखवला. मान खाली घालून विचारलं, "घेऊ काय गो?"

"पयल्याच दिवशी वळखलाय मी तो," काशी म्हणाली. "घ्या."