फुकटचे मुनवे आणि बाटलीतली रोपं

जे झाड मातीत नाही, काचेच्या बाटलीत जन्मलं, त्याला तुम्ही आपलं म्हणाल का?

मी म्हटलं नव्हतं. ढाणकीजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी, अळी लागणार नाही म्हणून विकलेल्या बियाण्याच्या कपाशीत बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. बाबांनी कपाशी मोडून टिश्यू कल्चरची केळी लावायचं ठरवलं. कोंबाचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्याची हजारो रोपं करतात. मला वाटलं, तीच फसवणूक नव्या पुडक्यात. मी कॉलेजात होते, बियाणं कंपन्यांविरुद्धची पत्रकं वाचत वाढलेली. मीही एक लिहिलं: केळीच्या बुंध्याशी फुटणारे मुनवे आपल्याकडे मागून नेतात, मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, मग रोप विकत कशाला?

बाबांनी ऐकलं नाही. शेजारच्या काकूंनी ऐकलं. त्यांचं एकच एकर. मीच त्यांना एका चाचांच्या जुन्या बागेत घेऊन गेले.

मुनवे खणताना चाचा अडखळले. "बेटा, इकडची झाडं जरा बुटकी राह्यली यंदा. पण दारात आलेल्याले नाही कसं म्हनू?"

"चाचा, मुनव्यांले नावं ठेवून तुम्ही तर रोपं विकणाऱ्या कंपनीवाल्यासारखं बोलून राह्यले," मी म्हटलं. सगळे हसलो. पोती भरली.

चार महिन्यांनी काकूंच्या केळीची पानं आखूड, उभी, झुपक्यासारखी एकावर एक आली. कृषी सहायक म्हणाले, "पर्णगुच्छ रोग. मुनव्यांतूनच आलाय. सगळं उपटा." आम्ही दोघींनी उपटलं. बांधापलीकडे बाबांची केळी एका उंचीची उभी होती.

"तुह्या बापानं तुह्यं ऐकलं नाही, मंग मीच काहून ऐकलं वं?" काकू म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

बाबांच्या रोपांचं मूळ झाड तपासलेलं होतं म्हणे. पण कपाशीचं बियाणंही तपासलेलं म्हणूनच विकलं होतं ना? मग कुणावर विश्वास ठेवायचा? पत्रकातलं कोणतं वाक्य खोडू, कळत नाही. देण्याची रीत वाईट, असं माझ्याच्यानं लिहवत नाही.

एवढंच मागते. तुमच्या बागेत कुणी मुनवे मागायला आलं आणि एक जरी झाड झुपक्यासारखं दिसलं, तर नाही म्हणा. जिवावर आलं तरी म्हणा.