कडीवरची फुलपुडी

लॉकडाऊन लागल्यापासून आमच्या दाराची कडी रिकामीच होती. आज सकाळी मात्र बेल वाजली. एरवी पहाटे कडीला फुलपुडी अडकवून न दिसताच निघून जाणाऱ्या फुलवाल्या मावशी नाकाला पदर बांधून, हातात पुडी घेऊन समोर उभ्या होत्या.

“बाजार बंद, टेम्पो बंद. उभ्या झेंडूवर नांगर फिरवला, ताई.”

“मग ही फुलं कुठली?”

“त्याच रानातली! गाडलेल्या फुलांचं बी आपसूक उगवलं.”

आम्ही इथे घाबरून हात धूत बसलो होतो आणि तिकडे मातीखाली ही तयारी चालली होती! पुडी सोडली, तर केशरी रंग ओंजळीत मावेना. देवघराकडे वळले आणि थांबले. देवाने इतके महिने फुलांवाचून काढले, घटकाभर आणखी काढील. पहिलं फूल मी मावशींच्या अंबाड्यात खोवलं.